तीस मतांचा शब्द

माझ्या आईला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत शिलाई मशीन हे चिन्ह मिळालं, तेव्हा आमच्या घरात शिलाई मशीन नव्हतं. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, छताचा पंखा मिळाला. पंखा होता, पण दोन वर्षं बंद होता. चिन्ह माणसांच्या डोळ्यांपुढे हलतं राहिलं पाहिजे, असं पॅनेलच्या मंडळींचं म्हणणं पडलं. म्हणून पंखा दुरुस्त करून घराच्या पुढच्या सोप्यात लावला आणि भावकीतल्या कमळाकाकूंचं पायाचं मशीन दोघांनी उचलून आणून त्याखाली ठेवलं. आईला शिवता येत नव्हतं. कमळाकाकूंची शिवणाची कामं अडून राहिली, तेव्हा त्या आमच्याच घरी येऊन शिवायला बसू लागल्या. थंडीचे दिवस होते. सकाळी आठपासून वर पंखा, खाली मशीन आणि मधे शाल पांघरून चहा पिणारे मतदार, अशी आमच्या सोप्याची पंधरा दिवस अवस्था होती. पंखा बंद करावा असं प्रत्येकाला वाटत होतं. पण उमेदवाराच्या घरात त्याचं चिन्ह बंद करायला कोण सांगणार?

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या अगदी कडेला. ओढा ओलांडला की सांगली जिल्हा लागतो. जमिनी आणि सोयरिकी दोन्हीकडे, ऊस जाईल त्या कारखान्याला. फक्त मतदान ज्याच्या त्याच्या हद्दीत. नाना गावातल्या दूध डेअरीचे सचिव होते. सकाळ-संध्याकाळ गावाच्या दुधाचं फॅट लावायचं, म्हणजे ज्यावर दर ठरतो ती स्निग्धता मोजायची, हे त्यांचं काम. वीस वर्षांत त्यांनी एक पॉइंटही कोणाला जास्त दिला नाही, सख्ख्या भावालाही नाही. हा त्यांचा मोठेपणा होता आणि हीच त्यांची अडचण होती. ज्याचं फॅट कमी लागतं तो माणूस ते विसरत नाही, आणि म्हशीला दोषही देत नाही. पण त्या वेळी सरपंचपद खुलं निघालं होतं, आणि आमच्या बाजूचे पाच सदस्य आले तर नानांना सरपंच करायचं, असं पॅनेलमध्ये ठरलं होतं. त्यासाठी आधी नानांनी स्वतःच्या वॉर्डातून निवडून यायला हवं होतं. नानांना ते पद हवं होतं. त्यांनी तोंडानं कधी म्हटलं नाही, पण दाढी ते एक दिवसाआड करत, ती रोज करू लागले होते.

आईला उभं केलं ते नानांच्या वॉर्डात एक जागा बाईची होती म्हणून. पॅनेलला दुसरी बाई मिळेना आणि फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आला. ‘मालनवहिनींचंच नाव टाका’ असं कोणीतरी म्हणालं आणि टाकलं. घरात शौचालय असल्याचा दाखला लागतो, तो आमच्याकडे तयार होता. नानांसाठी काढलेलाच पुन्हा एकदा काढला. आई त्या वेळी रानात भांगलायला गेली होती. तिला सही करायला बांधावरून बोलावून आणलं. सही करताना तिने विचारलं, “मला काय करायला लागंल?” नाना म्हणाले, “काय न्हाई. नमस्कार करत फिरायचं.”

ती नमस्कार करत फिरली. पहिले चार दिवस पुरुषांच्या मागे, पदर डोक्यावर, नजर खाली. पाचव्या दिवशी वरच्या आळीत तिला एका बाईने विचारलं, तुमी निवडून आला तर काय करणार? सगळे पुरुष उत्तर द्यायला पुढे झाले. त्यांच्या आधी आई म्हणाली, “पाणी सातला सोडायला लावीन.” एवढंच. आमच्या वॉर्डाला नळाचं पाणी सकाळी दहाला सुटायचं, कारण पंचायतीचा शिपाई आधी खालच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग घरी जेवून यायचा. दहाला बायका रानात असत. त्यामुळे प्रत्येक घरातली एक बाई पाण्यासाठी मागे राहायची आणि तिचा अर्धा दिवस जायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. पण पत्रकात रस्ते, व्यायामशाळा, समाजमंदिर, कमान हे होतं. पाण्याची वेळ नव्हती. त्या दिवसापासून आई पुरुषांच्या पुढे चालू लागली. कोणी काही विचारलं की म्हणायची, “पाणी सातला. बाकीचं ह्यांना इचारा.” घरी आल्यावर ती भाकरी थापताना स्वतःशीच बोटं मोजायची. किती घरं झाली, किती राहिली. आईला निवडून यायचं होतं. हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी ते तिच्याही लक्षात आलं असावं.

मी एकोणीस वर्षांचा होतो. सांगलीला संख्याशास्त्र शिकत होतो आणि माधवनगरला एका खोलीत तिघांत राहत होतो. निवडणुकीसाठी घरी आलो, आणि शिकलेला म्हणून मतदारयादी माझ्याकडे आली. वॉर्ड क्रमांक दोन, सहाशे बारा नावं. गावात यादीवर खुणा करायची जुनी रीत आहे: आपलं असेल त्याला बरोबर, दुसऱ्याचं असेल त्याला फुली, सांगता येत नसेल त्याला गोल. इतर लोक ही खूण आशेवर करत. मी तशी केली नाही. प्रत्येक नावाबद्दल तीन वेगवेगळ्या माणसांना विचारलं, आणि तिघांचं एकमत झालं तरच बरोबर किंवा फुली केली. गोलांची संख्या कमी होईपर्यंत मी पुन्हा पुन्हा घरोघर गेलो. कोण मुंबईहून येणार, कोण पलटणीतून सुट्टी मिळाली तर येणार, कोण आजारी आहे, सगळं समासात लिहिलं. आता सांगायला हरकत नाही, मला त्यात फार मजा येत होती. कॉलेजात जे वर्षभर शिकलो ते पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडत होतं.

इथे मतदानाची पद्धत सांगायला हवी, कारण शहरातल्या वाचकाला ती वेगळी वाटेल. आमच्या वॉर्डात तीन जागा होत्या: एक सर्वसाधारण, एक इतर मागास, एक बाईची. म्हणून प्रत्येकाला तीन मतं. यंत्रावर तीन रंगांच्या तीन मतपत्रिका, आणि प्रत्येकीतलं एक बटण दाबायचं. तिन्ही बटणं दाबली की यंत्र लांब शिट्टी देतं. तोवर देत नाही. म्हाताऱ्या माणसांना हे शिकवण्यासाठी आम्ही पुठ्ठ्याचं यंत्र केलं होतं आणि शिट्टी माझ्या चुलतभावाने तोंडाने वाजवायची, अशी सोय होती. हल्ली मी स्वतः सरकारी नोकरीत असल्यामुळे दर निवडणुकीला मतदान अधिकारी म्हणून कुठल्या तरी शाळेत बसतो. दोन जिल्ह्यांतल्या कितीतरी खोल्या पाहिल्या. अजूनही दर पाच-दहा माणसांमागे एकजण असतो, जो एक बटण दाबून बाहेर निघतो आणि त्याला हाक मारून परत आत पाठवावं लागतं. तीन मतं म्हणजे तीन वेगळे निर्णय, हे माणसाला पटत नाही. ज्यांना पटतं ते लोक मग त्याचा वापर करतात.

मतदानाला तीन दिवस असताना माझी यादी पुरी झाली. पाचशेवीस लोक मतदान करतील असा माझा अंदाज होता. संध्याकाळी आई चुलीपुढे होती. आमटीला फोडणी बसली होती आणि लसणाचा वास सोप्यापर्यंत येत होता. तिने मागे न बघता विचारलं, “माझं किती?”

“दोनशे अठ्ठ्याहत्तर.”

“आन् सुनंदाचं?” सुनंदा म्हणजे तिच्या विरोधातली उमेदवार.

“दोनशे बेचाळीस. छत्तीसनं येतेस तू.”

तव्यावरची भाकरी करपली. माझ्या आठवणीत आईच्या हातून करपलेली ती एकमेव भाकरी. ती उतरवून तिने बाजूला ठेवली, दुसरी थापायला घेतली आणि म्हणाली, “परत मोज.” मी परत मोजलं. तेवढंच आलं. जेवताना करपलेली भाकरी तिनेच खाल्ली आणि ती खाताना हसत होती.

दुसऱ्या दिवशी नानांनी विचारलं, “माझं किती?” पॅनेलची मंडळी त्यांना सांगत होती की नाना पन्नासनं, नाना साठनं. मी खरं ते सांगितलं. “दोनशे बावन्न. समोरच्याला दोनशे अडुसष्ट. सोळानं पडताय.” नानांनी माझ्या हातातून यादी घेतली आणि फुल्या बघितल्या. ज्या घरांवर फुल्या होत्या त्यांची त्यांना पूर्ण ओळख होती. रोज दोन वेळा बघत होते. “बरोबर हाय तुझं,” ते म्हणाले आणि डेअरीवर गेले. आज मला वाटतं, मी त्यांना ‘वीसनं येताय’ म्हटलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण तसं म्हणायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी म्हटलं नसतं.

त्याच दिवशी दुपारी नानांनी मला रानातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बोलावलं. तिथे बाजीबापू बसले होते. बाजीबापू समोरच्या पॅनेलचे, आणि सुनंदाचे नवरे. पॅनेल त्यांचं होतं, पण नानांच्या विरोधात उभ्या असलेल्या त्यांच्याच माणसाशी त्यांचा बांधावरून जुना वाद होता. मोटार सुरू होती, त्यामुळे दोघं जवळजवळ ओरडून गुप्त बोलत होते.

“नाना, तीस मतं माझ्याकडनं तुमाला. तीस तुमच्याकडनं माझ्या मंडळीला,” बाजीबापू म्हणाले. “फकस्त त्या एकाच बटणाचं. कुणाला कळायचं काम न्हाई.”

नानांनी थोडा वेळ पाटात पडणाऱ्या पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, “शब्द?”

“शब्द.”

दोघांनी हातावर हात मारला. बाजीबापू माझ्याकडे बघून म्हणाले, “गड्या, तुझ्या यादीचं लय नाव ऐकलंय,” आणि पलीकडच्या उसातून निघून गेले. नानांनी मोटार बंद केली. एकदम शांत झालं.

“तीस नावं काढ,” नाना म्हणाले. “भावकीतली. ऐकणारी आन् तोंड न उघडणारी. आपल्या घरातली धर.”

“आई पडंल,” मी म्हणालो. “चोवीसनं.”

“आन् ती आली, मी पडलो, तर? ती काय सरपंच हुनार हाय व्हय?”

कायद्याने झाली असती. पद खुलं होतं. पण तो मुद्दा त्या खोलीत कोणाच्या मनात आला नाही, माझ्याही नाही. माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. मी यादीच्या पाठीवर आकडेमोड केली आणि मला एक गोष्ट दिसली. नानांना फक्त नऊ मतं फिरायला हवी होती. आईची सतरा फिरली तरी ती येत होती. म्हणजे नऊ ते सतरा यांच्यामधला कुठलाही आकडा धरला तर दोघंही निवडून येत होते. तेरा धरला तर दोघंही बरोबर दहानं येत होते, दोनशे पासष्ट विरुद्ध दोनशे पंचावन्न. इतकं सुबक उत्तर मी तोवर परीक्षेतही काढलं नव्हतं. मी कागद नानांपुढे धरला.

“नाना, तेरा देऊ. दोघं येताय.”

“त्याला तीस सांगितलीत.”

“सांगू तीस, देऊ तेरा.”

“आन् त्यानंबी तेराच दिली तर?”

“तरी तुमी येताय. दहानं.”

नानांनी कागद बराच वेळ वाचला. त्यांना आकडे समजत होते. मग त्यांनी तो घडी करून माझ्या खिशात घातला. “इनू, तीसचा शब्द दिलाय मी,” ते म्हणाले. “वीस वर्षं गावाचं फॅट लावतोय. आता हितं खोटं लावू?”

शब्द बाजीबापूंना दिला होता, आईला दिला नव्हता. तिला फक्त नमस्कार करत फिरायला सांगितलं होतं. नानांच्या हिशेबात त्यात कुठे चूक नव्हती.

जाहीर प्रचार संपल्यावर तीसजणांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला पळवाट होती. तेराजणांना सांगून थांबता आलं असतं, कोणाला कळलं नसतं. हे मी आजवर स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. पण माझ्या हातात तीस नावांचा कागद होता, आणि कागदावर तीस असताना तेरावर थांबणं मला जमलं नाही. एवढंच त्याचं कारण आहे. दुसरं एखादं चांगलं किंवा वाईट कारण असावं म्हणून मी पुष्कळ शोधलं.

सुभेदारकाका अंगणात हरभरा सोलत बसले होते. पलटणीतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि टरफलं झाडत म्हणाले, “बायकोला पाडून नवऱ्यानं यायचं. ह्यो कुठला डाव रं?”

“नानांनी सांगितलंय.”

“हुकूम हाय का सल्ला हाय?”

“हुकूमच धरा.”

“मग धरला,” ते म्हणाले आणि माझ्या ओंजळीत मूठभर हरभरा घातला.

कमळाकाकू आमच्याच सोप्यात मशीनवर होत्या. आई पाठीमागे भांडी घासत होती, म्हणून मी त्यांना कुजबुजत सांगितलं. त्यांचा पाय थांबला. “तुझ्या आयला ठाव हाय?”

“न्हाई.”

“मग मला कशाला सांगितलंस, मुडद्या? मला ह्या घरात रोज बसाय लागतंय.” पाय पुन्हा सुरू झाला. “बरं. तिसरं बटण न्हवं?”

“व्हय. तिसरं.”

संध्याकाळपर्यंत तीस पुरी झाली. कोणीही नाही म्हणालं नाही. नानांचं गावात कौतुक करणारे कमी होते, पण भावकीत त्यांचा शब्द मोडणारा कोणी नव्हता. रात्रीच्या जेवणाला हुलग्याचं माडगं होतं. आईने वाढताना मला विचारलं, “आकडा त्योच हाय न्हवं?”

“तोच,” मी म्हणालो. आणि तो तोच होता. दोनशे अठ्ठ्याहत्तर माणसं तिला मत द्यायला निघाली होती. त्यांतल्या तीसजणांना वाटेत वळवलं होतं, एवढाच फरक.

मतदान गावच्या शाळेत होतं. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, मधे सुतळी. आईने इस्त्रीची साडी नेसली होती आणि ती रांगेतल्या बायकांशी पाण्यावरच बोलत होती. माझं ते पहिलं मत. बोटाला शाई लागली, चिठ्ठी दिली आणि मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो. पहिलं बटण, पंखा. दुसरं बटण, आमच्या पॅनेलचं. तिसऱ्या मतपत्रिकेवर आधी शिलाई मशीन होतं आणि त्याखाली सुनंदाची कपबशी. मी यादीतल्या माझ्या अनुक्रमांकाचा विचार करत उभा राहिलो. टेबलावरून अधिकारी म्हणाले, “अजून एक राहिलंय. दाबा.” बाहेर रांगेत कोणीतरी हसलं. “शिकल्यालं हाय, सावकाश वाचतंय.” मी कपबशी दाबली. लांब शिट्टी वाजली. आता तोच आवाज मी मतदानाच्या दिवशी सहा-सातशे वेळा ऐकतो आणि त्याने मला काही होत नाही. सकाळी मतदान सुरू होण्याआधी यंत्र तपासायला जी पहिली शिट्टी वाजवतात, तिच्याने मात्र होतं.

मोजणी तालुक्याला झाली. यंत्रामुळे आमचा वॉर्ड पंधरा मिनिटांत संपला. एकूण मतं पाचशे सतरा. बाईची जागा: सुनंदा दोनशे सत्तर, आई दोनशे सत्तेचाळीस. आई तेवीसनं पडली. सर्वसाधारण जागा: समोरचा दोनशे साठ, नाना दोनशे सत्तावन्न. नाना तीननं पडले. मी तिथेच उभ्या उभ्या वजाबाकी केली. आमचं एक मत पोचलं नव्हतं, ते धरून नानांना बाजीबापूंकडून सहा मतं आली होती. तीस म्हणून सहा. बाजीबापू कुंपणापाशी भेटले आणि नानांचा हात हातात घेऊन म्हणाले, “नाना, मी तीसजणांना बोललो वो. माणसं ऐकत न्हाईत आताशा.” नाना म्हणाले, “आमची ऐकत्यात.” आणि मोटारसायकलवर माझ्या मागे बसले. येताना वाटेत विरोधकांचा गुलाल उडत होता. थोडा आमच्याही अंगावर पडला, तो घरी गेल्यावर पुसला.

एक गोष्ट मी पुष्कळदा मोजून बघितली आहे. माझं मत मी आईला दिलं असतं तर ती तेवीसऐवजी एकवीसनं पडली असती. म्हणजे माझ्या मताने काही बिघडलं नाही. बिघडलं ते माझ्या पायांनी, तीसजणांकडे फिरल्यामुळे.

घरी नाना पंख्याखाली बसले. आईने येऊन पंखा बंद केला. संध्याकाळी ते डेअरीवर गेल्यावर ती माझ्यासमोर पाट घेऊन बसली. मला वाटलं होतं ती रडेल. तिने विचारलं, “दोनशे अठ्ठ्याहत्तर म्हणाला हुतास. सत्तेचाळीस झाली. एकतीस कुठं गेली?”

मी खाली बघितलं. “एक कोयनानगरची मावशी. घाटात गाडी बंद पडली, मतदान संपल्यावर पोचली.”

“ती सोड. तीस?”

मी खिशातून कागद काढला आणि मोटारीच्या खोलीतलं सगळं सांगितलं, तेराच्या उत्तरासकट. “वाच,” ती म्हणाली. नावं यादीच्या क्रमाने होती, त्यामुळे आमचं घर मधे आलं. मी सुभेदारकाका वाचले, त्यांचे दोन मुलगे वाचले, कमळाकाकू वाचल्या, नाना वाचले, काका-काकू वाचले आणि एकोणिसावं माझं नाव वाचलं. पुढची अकरा वाचली. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती, जसं काही मी वाण्याकडची यादी वाचत होतो.

“तू आत लय येळ हुतास,” ती म्हणाली. “मला वाटलंच काईतरी.”

“आई…”

“थांब. म्हंजी ही तीस धरली तर माझं किती हुतंय?”

“दोनशे सत्त्याहत्तर. सदतीसनं आली असतीस.”

चुलीवरचं दूध वर आलं, तेव्हा उठून तिने ते उतरवलं. “म्हंजी गावानं दिलं हुतं मला,” ती म्हणाली. “घरानं न्हाई दिलं.” हे तिने रागाने म्हटलं नाही. माझ्याकडून नीट समजून घेतल्यासारखं म्हटलं. नंतर आठवडाभर ती नानांशी काही बोलली नाही. नानांनीही कारण विचारलं नाही, त्यावरून तिला कळलंय हे त्यांना कळलं. कमळाकाकू एक दिवस दोन माणसं घेऊन आल्या आणि मशीन घेऊन गेल्या. आईने त्यांना चहा केला. काकूंनी तो उभ्यानेच प्यायला.

पुढची ग्रामसभा झाली तेव्हा मी परीक्षेनंतर घरी होतो. ग्रामसभेला बायका दाराशी बसत, हजेरीच्या वहीत सही करत आणि भाकरीची वेळ झाली म्हणून उठून जात. आई पुढे जाऊन बसली. समोर नवे सरपंच आणि ग्रामसेवक. बाजूला सदस्य. सुनंदा सदस्यांत होती आणि तिच्या मागे खुर्ची टाकून बाजीबापू बसले होते. नाना पहिल्या ओळीत होते. इतिवृत्त वाचून झालं, समाजमंदिराचं झालं, कमानीचं झालं. मग आई उभी राहिली.

“वरच्या आळीचं पाणी सातला सोडा.”

सरपंच नवीन होते, पण अदबीने बोलले. “वहिनी, तुमच्या वॉर्डाचे सदस्य हायत की. त्यांनी मांडलं तर बघू.”

मागून कोणीतरी म्हणालं, “पडल्याली माणसं लय बोलाय लागली.” चार-पाचजण हसले.

आई वळली नाही. “मला दोनशे सत्त्याहत्तर मतं हायत,” ती म्हणाली. “तेवढ्यांच्या वतीनं बोलतीया.”

ग्रामसेवक कागदाला पक्के होते. त्यांनी कपाटातून निकालाची प्रत काढली, बोट ठेवलं आणि म्हणाले, “सत्तेचाळीस आहेत, वहिनी. दोनशे सत्तेचाळीस. सुनंदाताईंना दोनशे सत्तर.”

“त्यो निकाल झाला,” आई म्हणाली. “मी मतं सांगतीया.”

कोणी हसलं नाही. त्या खोलीत तीसजणांपैकी निदान वीसजण बसलेले होते. सुभेदारकाका भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते. बाजीबापूंनी खुर्ची जरा मागे घेतली. ग्रामसेवक बाहेरगावचे, त्यांना काही कळेना. त्यांनी प्रत हातात धरून पहिल्या ओळीकडे बघितलं. गावात आकड्याबाबत कोणाला विचारायचं, हे त्यांनाही माहीत झालं होतं.

“नाना,” ते म्हणाले, “काय धरायचं? सत्तेचाळीस का सत्त्याहत्तर?”

नाना उठून उभे राहिले. डेअरीत रीडिंग सांगताना ते उभे राहत, तसेच. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आईकडेही नाही.

“सत्त्याहत्तर,” ते म्हणाले आणि खाली बसले.

ग्रामसेवकांनी तो आकडा इतिवृत्तात घेतला नाही. घेता येतच नव्हता. पाण्याचं घेतलं. सरपंचांनी सदस्यांना विचारलं, तेव्हा सुनंदाने मागे न बघता हात वर केला.